माझ्या नावाचा कौल

माझ्या काकांनी मला फसवलं. भावाचं लग्न जमावं म्हणून त्यांनी माझं लग्न मोडलं, आणि वर ते देवाच्या नावावर घातलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला आहेच, लहानपणापासून आहे, पण लिहायला बसण्याआधी मी तो चुलीवरून खाली उतरवून थोडा निवू दिला आहे.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि भाऊ आठवीत. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मधे फक्त एक दगडी गडगा. त्या वर्षी ते रोज गडग्यावरून विचारत, "काय गो, बरा मां?" आणि उत्तराची वाट न बघता आत जात. मी कॉलेज सोडलं आणि वेंगुर्ल्यात दुसऱ्याच्या कारखान्यात काजू सोलायला जाऊ लागले. बीच्या तेलाने बोटांची सालं निघायची. जेवताना आमटी लागली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि आई समजायची मी बाबांसाठी रडते.

पुढे स्वतःचं कटिंग मशीन घेतलं, मग बॉयलर, मग पत्र्याची शेड. आज माझ्याकडे आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका कामाला येतात. बी मी स्वतः गावोगाव फिरून घेते. शेतकरी सांगतो, बी कडक सुकली आहे. मी मूठभर घेऊन कानाशी हलवते. सुकलेली बी खुळखुळते, ओली गप्प बसते. मग मी भाव पाडते, तो चढवतो, मी गाडीकडे चालू लागते, तो मागून हाक मारतो. त्या हाकेसाठीच मी चालू लागलेली असते. "त्या बायच्या तोंडाक लागा नको," असं माझ्याबद्दल बोलतात, हे मला ठाऊक आहे. धंद्यात त्याचा मला फायदाच झाला. लग्नाच्या बाजारात मात्र ते माझ्याआधी पोचायचं.

आमच्या घरात लग्नाची माणसं दोन, आणि दोघंही उशिराची. मी पस्तिशीची, भाऊ एकतीसचा. आईने दोघांचं एकदमच बघायला घेतलं.

भाऊ गावात राहतो. भात करतो, आंब्याची कलमं बघतो, माझा टेम्पो चालवतो. निर्व्यसनी आहे, दिसायला माझ्यापेक्षा बरा आहे. पण मुलीकडच्यांचा फोन आला की नावाच्या आधी प्रश्न यायचा, "मुंबैत खोली आसा?" नाही म्हटलं की "बरा, कळयतंव," आणि मग कळवणं नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मुलीही शिकल्या आहेत. सासूच्या हाताखाली चिखलात उभं राहायचं नसेल तर मी त्यांना का नावं ठेवू? पण आमच्या वाडीत माझ्या भावाच्या वयाचे मुलगे अजून रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतात आणि दोन्हीकडचे संघ पुरे भरतात, कारण घरी कुणाची वाट बघणारं कुणी नाही. बायका म्हणतात, "वाडीत बारसा होवन किती वर्सा झाली गो?"

शेवटी भावाने फोनवर लग्न जुळवायचं ॲप घेतलं, आणि मला चिडवत चिडवत माझंही खातं उघडून दिलं. त्याने स्वतःचे फोटो टाकले: टेम्पोजवळ, देवळाजवळ, शर्टाची बटणं उघडी टाकून समुद्रात. मी एकच टाकला, पाठमोरा. तोंड दाखवायची भीती वाटली. वेंगुर्ल्यात मला कोण ओळखत नाही?

दोन-तीन संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर आपापला फोन घेऊन बसलो.

"ताये, तुका किती इले?"

"मोजूक नाय."

"माका कोणीच नाय. ह्यातले दोन माका दी."

"बापये आसत ते, बायका न्हय."

"मग काय झाला? निदान माझ्याशी बोलतले तरी."

आई आतून ओरडली, "हसतास काय मेल्यांनो, लग्ना करा."

हसलो खरे, पण त्या ओटीवर मला पहिल्यांदा कळलं की एकाच गोष्टीच्या मागे लागूनही आम्ही दोन वेगळ्या वाटांवर होतो. तो ज्याला त्याला विनंती पाठवायचा आणि त्याचा फोन मुका. माझा फोन रात्रंदिवस टुणटुणायचा आणि मला तो हातात घ्यावासा वाटायचा नाही. "हॅलो डिअर." "जेवलीस काय?" "एकटीच राहतेस?" त्याच्या मनात एकच धास्ती, कुणी उत्तर देईल का. माझ्या मनात, हा कोण, खरं नाव हेच का, बायको असेल का, माझा फोटो चहाच्या टपरीवर फिरवील का. एक दिवस एक गिऱ्हाईक शेडवर आलं, काजूचे भाव विचारले, काही न घेता इकडेतिकडे बघून गेलं. तासाभराने फोनवर मेसेज आला: "समोरून जास्त चांगली दिसतेस." मी उठून शेडची कडी घातली. आत बायका सोलत होत्या, भर दुपार होती, तरी घातली. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी लोक घरापर्यंत येतत." त्याला खरंच ते कौतुक वाटलं. मी त्याच्यावर हातातलं पाखडायचं सूप फेकलं.

प्रत्यक्ष भेटलेले तीन-चार होते. त्यातला एक मालवणला खानावळीत आपल्या बहिणीला घेऊन आला. अर्धं जेवण झाल्यावर तो म्हणाला, "लग्नानंतर कारखाना भाड्याने देता येईल ना?"

"कित्याक?"

"म्हणजे, घरी आई एकटी असते."

"तुमची आई की माझी?"

त्याची बहीण लगेच म्हणाली, "अशी बोलता ही, मगे नांदतली कशी?" मी म्हटलं, जशी कारखान्यात नांदते तशी. जेवणाचं बिल मी दिलं, आणि तेही त्यांना लागलं.

मला हिशेबाची सवय. एक गोष्ट सारखी डोक्यात यायची. माझी शेड, माझा बॉयलर, माझ्याकडच्या कामकरी बायका हे सगळं एखाद्या पुरुषाचं असतं तर त्याच्या दारात मुलींच्या बापांची रांग लागली असती. तेच माझं आहे म्हणून समोरच्याला ते आधी उतरवून ठेवावंसं वाटतं, जसं पाहुण्याने दारात चपला काढाव्यात. हे मी तेव्हा नुसतं मनात म्हणत होते. काकांनी ते करून दाखवलं.

पण त्याआधी तो आला.

ऐन हंगामात बॉयलरचा पंप बसला. मालवणच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस चांगला आहे असं कळलं, त्याला बोलावलं. मोटरसायकलवरून आला, पंप उघडला, म्हणाला, "उद्या देतंय."

"आज व्हयो."

"उद्या सकाळी."

"उद्या सकाळी तर पैसे अर्धे."

"उद्या सकाळी, पैसे पुरे, आणि चाय तुमची," तो म्हणाला आणि पंप पिशवीत घालून चालू लागला. मी त्याला हाक मारली. गाडीला किक मारायच्या आधीच तो थांबला होता, पाठ माझ्याकडे करून, हसत. माझीच युक्ती त्याने माझ्यावर केली होती.

पंप सकाळी आला. मग तो कधी बॉयलरचा व्हॉल्व्ह बघायला यायचा, कधी उगाच. वय अडतीस. त्याचंही जमलं नव्हतं. एका मुलीने त्याला तोंडावर सांगितलं होतं की अंगाला डिझेलचा वास येतो. हे त्याने हसत सांगितलं, पण माझ्यासमोर बसताना हात घासून घासून धुऊन यायचा, नखांशी मात्र काळं राहायचंच. मी त्याला माझी बोटं दाखवली. मालवणच्या धक्क्यावर चहा पिताना त्याने मला कारखाना कोण बघणार असं एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तू इतकी भांडतंस, दमणंस नाय?" मी म्हटलं, दमते. ते मी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने मला घरी नेलं. त्याच्या आईने माझ्या हातचा चहा मागितला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि त्याला म्हणाली, "जीब लांब आसा, पण कामाची आसा. माका चलात." मग माझ्याकडे वळून, "फक्त तुमच्या गावच्या देवाचो कौल घेवा. उजवो दिल्यान की माझा काय्येक म्हणणा नाय."

परक्या माणसासाठी सांगते. आमच्याकडे लग्नासारख्या मोठ्या गोष्टीत गावच्या देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, घरातला कर्ता पुरुष प्रश्न सांगतो, आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. प्रश्न ज्याच्या नावाने घातला त्याच्यापुरतंच उत्तर. शिकलेली माणसंही, मुंबईची माणसंही, कौल डावा आला म्हणून ठरलेलं लग्न सोडतात आणि त्याबद्दल कुणाला राग येत नाही. मुलगा नापसंत, मुलगी नापसंत, असं काही सांगावं लागत नाही. देवाने दिलं नाही, संपलं.

त्याच महिन्यात भावाला फोंडाघाटकडचं स्थळ आलं. मुलगी पदवीधर, तिथल्या एका दवाखान्यात औषधं द्यायला बसते. आणि पहिल्यांदाच मुंबईच्या खोलीचा प्रश्न आला नाही. स्थळ काकांनी आणलं होतं. बघणीला मुलीकडचे आले तेव्हा काका त्यांना आधी घरी न नेता थेट माझ्या शेडवर घेऊन आले. "ह्यो आमचो कारखानो," म्हणाले. आमचा म्हणायला माझी हरकत नव्हती. घरचं माणूस आमचंच म्हणतं. भाऊ माझ्या खुर्चीवर बसला होता. मला वाटलं, पाहुणे आहेत, बसू दे. मुलीच्या बापाने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही पण इथेच असता?" मी म्हटलं, "मी इथेच असते." ते कौतुकाने हसले. मी बायकांना सांगून त्यांच्यासाठी चांगले काजू बांधून दिले.

तो होकार यावा म्हणून मी किती धडपडले ते आठवलं की आता अंगाची आग होते. भाऊ एकेक घास चिवडत बसायचा. मी त्याच्या होणाऱ्या सासऱ्याला फोन करून मुद्दाम आंब्याबद्दल बोलायचे, म्हणजे आमची आठवण राहील.

दोन्हींचा कौल एकाच दिवशी घ्यायचं ठरलं. बाबा नाहीत, म्हणून कर्ता पुरुष काका. भाऊ त्यांच्याबरोबर गेला. आम्ही बायका घरी. मी शेडवर जायची ती गेले नाही. अंगण झाडलं, परत झाडलं. आई देवासमोर बसली होती आणि मी दर थोड्या वेळाने गडग्याकडे जाऊन वाटेकडे बघत होते. मालवणहून त्याचा मेसेज आला, "झाला?" मी लिहिलं, "नाय." परत आला, "झाला?" मी फोन पालथा घातला. एवढी मोठी मी, भाव पाडताना ज्यांच्या दाढ्या पिकल्या त्यांना घाम फोडणारी, आणि एका शब्दाच्या मेसेजला घाबरून परत केरसुणी उचलली.

काका आले. चपला काढल्या, पाणी मागितलं, प्याले.

"झिलाचो उजवो," भावाकडे बघून म्हणाले.

आईने हात जोडले. मी उभीच.

"आणि हिचो?" आईने विचारलं.

"हिचो डावो."

आई खाली बसली. भाऊ मागच्या दाराने गोठ्याकडे गेला. तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी त्याला वाईट वाटतंय.

"परत लावा," मी म्हटलं. "पाकळी वाऱ्यान पडली असात. उद्या परत लावा."

काका माझ्याकडे बघून हसले. "देवाशी घासाघीस करतंस? ती काय तुझी काजूची बी आसा?"

इथे माझी घासाघीस चालणार नव्हती. त्यांना ते ठाऊक असणार. शेतकऱ्याशी, दलालाशी, बँकेतल्या साहेबाशी मी भांडले असते. आजारपण म्हटलं असतं तर डॉक्टर दाखवला असता, पत्रिका म्हटली असती तर दुसरा भटजी आणला असता. कौलाशी काय बोलायचं? त्यातून मी स्वतः कौल मानते. मशीन घेतलं तेव्हाही विचारलं होतं.

त्याला फोन केला. काका काय म्हणाले ते सांगितलं. मागून बोटीचं इंजिन चालू-बंद होत होतं. तो म्हणाला, "मी नाय मानणंय. पण आवस मानता." त्याच्या आईने देवाच्या नकारावर सून घरात घेतली नसती, आणि आईला दुखवून लग्न करणारा तो नाही. असता तर कदाचित मला आवडलाही नसता. तो यायचा थांबला. मी पंपाला कान लावून बसायचे, कुठे खडखडतो का. तो एवढा नीट केलेला होता की बिघडेचना.

मग रोजचं एकच. फोन वाजला की हातातलं काम टाकून बघायचे. वाजला नाही की तो बंद तर पडला नाही ना, ते बघायचे. कळलं, त्याची आई दुसरीकडे मुली बघते आहे. अडतिशीचा पुरुष, हातात कारागिरी, एकुलता एक. उशिरा का होईना त्याला कुणी मिळेल. माझ्या वयाची बाई मात्र एकदा मोडलेलं लग्न आणि देवाचा नकार घेऊन कुणाच्या दारात जाणार? त्या आठवड्यात मी एका शेतकऱ्याकडून ओली बी घेतली. कानाशी धरली, ऐकलीच नाही. तो बिचारा स्वतःच म्हणाला, "ताई, सुकवून घेवा हां," तेव्हा भानावर आले.

इकडे साखरपुड्याची तयारी चालू होती. आणि एक दिवस दुपारी भावाच्या होणाऱ्या बायकोचा मला फोन आला.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही खरंच लग्न करणार नाही?"

मला वाटलं, सांत्वनाला फोन केलाय. "देवान दिल्यान नाय," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे तुम्हीच देवाकडे बोललात ना, आयुष्यभर लग्न करणार नाही आणि कारखाना भावाला देणार? तुमच्या काकांनी माझ्या बाबांना तसं सांगितलं, पहिल्याच भेटीत. बाबांनी त्यावरच होकार दिला. मला ते बरोबर वाटत नाही म्हणून मी..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. पहिल्याच भेटीत. म्हणजे कौलाच्या आधी. देवाने माझ्या लग्नाला नकार द्यायच्या आधीच काकांनी तो विकला होता.

मी तिला म्हटलं, "कारखाना माझा आहे. मी असं देवाकडे काही बोललेली नाही. आणि मला लग्न करायचं आहे."

ती हळू म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला तुमचा भाऊ आवडलाय, कारखाना नव्हे. पण बाबांशी बोलायला मला थोडे दिवस द्या." शहाणी मुलगी आहे. आपल्याला काय सांगून विकलं जातंय ते तिने खरेदीच्या आधी विचारून घेतलं. मी विचारलं नाही.

भाऊ टेम्पो धूत होता. मी नळ बंद केला.

"देवळात काकांनी माझ्या नावान कौल लावलो?"

तो फडकं पिळत राहिला.

"तुका विचारतंय."

"माझोच लावलो," तो म्हणाला. "काका म्हणाले, तुझो मगे बगूया. वाटेत म्हणाले, हिचो डावो म्हणान सांगतंय, तू गप ऱ्हव."

"आणि तू गप ऱ्हवलंस."

तेव्हा तो भडकला. माझा भाऊ कधी भडकत नाही. "तुका काय, ताये! तुझ्या फोनार ढीगभर येतत. माका इतक्या वर्सांत ही एकच इली. ही एकच. तुका दुसरो कोण तरी गावतलो. माका कोण गावतली?"

मला त्याच्या तोंडात मारायची होती. हात उचललाही होता. पण तो खरंच तसंच समजत होता. ज्या मेसेजांमुळे मी भरदुपारी शेडची कडी घातली, ते त्याला माझी श्रीमंती वाटत होते, आणि त्या श्रीमंतीतून त्याने माझा एक माणूस काढून घेतला, जसं मोठ्या भांड्यातून एक वाटी. त्याच्या जागी मी असते, दारात कुणीच येत नसतं, तर मीही असाच हिशेब केला असता का? मला माहीत नाही. आणि ते माहीत नसल्यामुळे माझा हात खाली आला. राग खाली आला नाही.

मी गुरवाकडे गेले. म्हातारा फुलं निवडत होता. मी प्रश्न पुरा करायच्या आधी म्हणाला, "तुझ्या नावान पाकळी लावूकच नाय गो बाय. कोणी सांगल्यान तुका?"

"मगे आता लावा."

त्याने मान हलवली. "घरातलो कर्तो बापयो व्हयो. तुझ्या काकाक घेवन ये. नायतर भावाक, पण काका असताना तेका अधिकार नाय."

"कारखान्याचो कौल मीच मागलेलंय."

"तो धंद्याचो. ह्यो लग्नाचो. धंदो तुझो, लग्न घराचा."

म्हाताऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या हातावर प्रसाद ठेवला त्याने.

मी तशीच मालवणला गेले, त्याच्या आईकडे. तो घरी नव्हता, धक्क्यावर होता. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मासे साफ करायचे थांबवून. मग म्हणाली, "तुझ्यार माझो इश्वास आसा. पण बाय, ह्या तू सांगतंस. देवाच्या नावान खोटा बोललो तो तुझो काका. तेका माझ्या म्होऱ्यार येवन बोलांदे. मगे दोगांच्या म्होरसून देवळात परत कौल लावया. तोवर मी झिलाक थांब म्हणतलंय, पण किती दिवस थांबवू?" तिने दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं नाही. ओटीवर कुणी पाहुणे येऊन गेल्याचे पेले अजून पडलेले होते.

घरी आले तर आई म्हणते, "आता काय करतलंस? भावाचा मोडतलंस?" सगळे मलाच हे विचारतात. मोडणारी मी! वाडीतल्या बायका म्हणतात, पस्तीस वर्षं थांबलीस, अजून थोडी थांब, त्याचं होऊन जाऊ दे. पुरुषाला बायको मिळाली नाही तर घर बुडतं, आणि बाईला नवरा मिळाला नाही तर ती मायेने घर चालवते, असा यांचा सरळ हिशेब आहे. मी भावाच्या सासऱ्याकडे गेलेले नाही. मुलीने दिवस मागितले आहेत, ते मी दिले आहेत. तिला तिच्या तोंडाने बोलू दे. पण माझ्याकडे द्यायला दिवस उरलेले नाहीत.

काकांना मी गडग्यावरून हाक मारली. "देवाचे गोष्टी अशे बोंबलान सांगूचे नसतत," म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मी परत गेले तर काकी म्हणाली, झोपलेत. ते झोपलेले नव्हते, खोकत होते. आता ते आमच्या अंगणातून जात नाहीत, खालच्या पाणंदीने वळसा घालून जातात. मला टाळता यावं म्हणून एवढा म्हातारा माणूस चिखलातून चालतो, पण एक वाक्य बोलत नाही.

म्हणून हे लिहिलं. काका, तुम्ही वाचत नाही, पण तुम्हाला वाचून दाखवणारे गावात पुष्कळ आहेत. तुम्ही माझं काय केलंत ते मला माहीत आहे, त्यामुळे मला कबुली नको. तुम्ही मालवणला त्या बाईच्या ओटीवर जायचं आहे. माझा टेम्पो आहे, भाऊ चालवील, तोही उतरून तिच्यासमोर उभा राहील. तिला सांगायचं की पुतणीच्या नावाने तुम्ही देवाला काही विचारलंच नाही. आणि ती नक्की विचारेल, का विचारलं नाहीत. देवाने उजवा दिला तर काय करायचं, या भीतीने का? त्याचं उत्तर तिला द्या, काका, तिचा मुलगा दुसरीला होकार द्यायच्या आत द्या.